पंधराव्या वर्षी शाळा बदलावी का?

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, बुद्ध्यांक ४८. आठवीपर्यंत ढकलत आणला. आता शाळा म्हणते, 'विशेष शाळेत घाला.' त्याची दहावी बुडेल ना? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी एक सांगते. शाळा त्याला काढू शकत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड तुमची.

पण मला विचाराल तर विशेष शाळेचा पूर्वव्यावसायिक वर्ग, म्हणजे पुढच्या कामधंद्याची तयारी करून घेणारा वर्ग, एकदा बघून याच. माझ्या वर्गातला एक मुलगा वहीत बेरजा बरोबर करायचा, पण दुकानात पन्नासची नोट देऊन सुटे न घेताच घरी. मग वर्गातच दूधकेंद्र मांडलं. खऱ्या पिशव्या, खरी नाणी. पाच महिने लागले. आता पिशवी हातात आली तरी तो हलत नाही, तळहात पुढे करून उभा!

शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं सोडा, मुलांचे हात कशात गुंतलेत ते बघा. आणि दहावीचं म्हणाल, तर मुक्त विद्यालयाची वाट नंतरही उघडी असते. अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेता यावेत म्हणून, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागेल. कागद आत्तापासून जमवा.