अंथरुणात साडेनऊ तास, झोप साडेपाच

प्रश्न : वय ५४. झोप लवकर लागावी म्हणून रात्री साडेनऊलाच पडते, पण डोळा लागेपर्यंत साडेअकरा वाजतात. तीनला जाग येते, मग पाचपर्यंत नुसती कूस बदलणं. सातला कशीबशी उठते. दुपारी जेवल्यावर दीड तास झोपते. सहाला चहा असतो. काय चुकतंय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हीच दिलेल्या वेळांची बेरीज करू. साडेअकरा ते तीन आणि पाच ते सात मिळून साडेपाच तास. त्यात दुपारचा दीड तास धरला की सात. म्हणजे झोप फारशी कमी नाही, विखुरलेली आहे. एका पोळीची कणीक परातभर लाटली की ती फाटणारच. साडेनऊ तासांच्या अंथरुणात तुमच्या झोपेचं तेच होतंय. त्यामुळे लवकर पडण्याचा उपाय उलटा पडला.

आधी आठवडाभर वहीत नोंद ठेवा : कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळ जाग होती, कधी उठलात. आकडे असेच आले तर अंथरुणात फक्त सहा तास. गजर रोज साडेपाचचा, रविवारीही, रात्र कशीही गेली तरी. पडायचं साडेअकराला, आणि तेही पेंग येत असेल तरच. नुसता थकवा म्हणजे पेंग नव्हे. वाचताना तीच ओळ दोनदा वाचली जाते, मान कलते, ती पेंग.

आठवड्याची सरासरी झोप पाच तासांच्या वर, म्हणजे अंथरुणातल्या वेळेच्या ८५ टक्के झाली, की पडायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. पुढच्या आठवड्यात आणखी १५. उठायची वेळ हलवायची नाही. दिवसभर तरतरी टिकू लागली की थांबा. पहिले आठ-दहा दिवस जड जातात आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. त्या दिवसांत गाडी चालवू नका. फेफरं किंवा बायपोलर आजार (मन कधी अति उत्साही, कधी अति उदास होणं) असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

तीनला जाग आली तर घड्याळ आणि मोबाइल बघू नका. वीसेक मिनिटं गेलीत असं वाटलं की सरळ उठा. दुसरी खोली नसेल तर अंथरूण अर्धं गुंडाळून भिंतीशी खुर्ची टाका, मंद दिवा लावा आणि भाजी निवडण्यासारखं कंटाळवाणं काहीतरी करा. पेंग आली की परत. पडून तळमळत राहिलं की अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, असंच शरीर शिकतं.

वामकुक्षी हे तीन-चार आठवडे बंद. दिवसभर जागं राहून जमलेली झोपेची ओढ त्या दीड तासात खर्च होते. पुढे घ्यायचीच तर तीनच्या आत, २० मिनिटांचा गजर लावून. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं. शेवटचा कप दोनच्या आत घ्या.

रात्री घाम फुटून जाग येत असेल, तर रजोनिवृत्तीचाही भाग असू शकतो. तेवढ्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : दुधातून जायफळ किती घ्यावं?

उत्तर : चिमूटभर, चवीपुरतं. झोप येत नाही म्हणून प्रमाण वाढवायचं नाही. चमचाभर पूड विषारी ठरू शकते : छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, भ्रम होतो. आणि पेलाभर दूध पिऊन लगेच पडलं, की दोनला लघवीला उठणं आलंच. प्यायचं तर झोपण्याच्या दोन तास आधी.

प्रश्न : यजमान पडल्या पडल्या झोपतात, जोरात घोरतात. मध्येच आवाज थांबतो आणि दचकून श्वास घेतात. दिवसा बसल्या जागी डुलकी लागते.

उत्तर : ही गाढ झोपेची खूण नव्हे. झोपेत श्वास अडत असावा. सवयी बदलून हे जाणार नाही. रात्री दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाज थांबतो ते त्यात येऊ द्या, आणि छातीच्या किंवा कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवून ‘स्लीप स्टडी’बद्दल, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो ते मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. तोवर दारू आणि झोपेची गोळी टाळा, दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. कुशीवर झोपल्याने काहींना फरक पडतो, पण त्यावर भागवून तपासणी लांबवू नका.