चंदगडचा फार्मासिस्ट बेळगावात चालेल का?

ताई, कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापुरात तुमचं मेडिकल, फार्मासिस्ट मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि आता चंदगडचा डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) झालेला पोरगा यायला तयार आहे. रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं. 'उद्यापासून बसवू का' असं तुम्ही विचारलंय. ते वाचलं आणि माझं २०१६ साल डोळ्यांसमोर आलं. नका बसवू, निदान उद्यापासून तरी नको.

मी वकील नाही, नियम बदललेही असतील, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या ड्रग इन्स्पेक्टरचाच. हा फक्त माझा अनुभव.

आमच्या मेडिकलमधला फार्मासिस्ट गणपतीच्या तोंडावर सोडून गेला. मी म्हटलं, नवा मिळाला की जुना गेला, नवा आला, दोन्ही एकाच अर्जात कळवू, दोन हेलपाटे कशाला! हीच माझी घोडचूक. फार्मासिस्ट बदलला तर महिन्याच्या आत लेखी कळवायचं ही लायसनची अट आहे. ते लायसन माझ्याच काउंटरवर टांगलेलं, मी कधी वाचलंच नव्हतं. दिवाळी गेली तरी कोणी मिळेना. शिकलेली पोरं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जातात, आमच्या पगारात कोण दिवसभर उभं राहणार? शेवटी गडहिंग्लजचा एक पोरगा आला. त्याचं महाराष्ट्राचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं आणि मी निवांत झालो.

तपासणीला आलेल्या साहेबांनी आधी फ्रेम वाचली. मग काही न बोलता बिलं चाळली. कॉम्प्युटरच्या बिलावर खाली फार्मासिस्टचं नाव आणि नंबर छापून येतो ना, तो मी बदललाच नव्हता. गेलेल्या माणसाच्या नावावर अडीच महिने शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधं विकलेली! नोटीस आली, उत्तर दिलं, तरी पंधरा दिवस लायसन निलंबित. दुकान बंद, पण इन्सुलिनचा फ्रिज चालू ठेवावा लागतो. बायको रोज रात्री शटर अर्धं उघडून तापमान बघून यायची.

रजिस्ट्रेशनचं असं आहे की १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्याची नोंदवही वेगळी. कर्नाटकात काम करायचं तर नाव इथल्या वहीत हवं, त्यासाठी महाराष्ट्राकडून ना हरकत आणावी लागते. गडहिंग्लज इथून दोन तासांवर, पण कागद मुंबई आणि बेंगळूरूत फिरतात, दोन्ही आपल्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. मधल्या एका ऑफिसात (कुठलं ते सांगत नाही) आमची फाइल तीनदा परत आली. एकदा दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी म्हणून. एकदा एका कागदावर 'बेळगाव' आणि दुसऱ्यावर 'बेळगावी' म्हणून. अहो, नाव सरकारनंच २०१४ मध्ये बदललं, त्यात पोराचा काय दोष? तिसऱ्यांदा कारणच सांगितलं नाही, 'नंतर या' एवढंच. त्यामुळे नावाचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

तोवर काय? मुलगी गेल्याचं पत्र आजच द्या आणि पोच घ्या. बिलावरचं नाव काढा. नवा माणूस नोंदला जाईपर्यंत चिठ्ठीवरची औषधं देऊ नका. धंदा बसेल, कळतं मला. एच१ यादीतल्या, आणखी कडक नियमांच्या औषधांच्या विक्रीचं रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं असतं, मुलगी गेली त्या तारखेला त्यात रेघ मारून ठेवा.

आणि कोणीतरी हमखास सुचवेल की सर्टिफिकेट भाड्यानं घ्या, माणूस यायचीही गरज नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण ज्याचं सर्टिफिकेट आहे तो तपासणीच्या दिवशी फोन उचलत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला चुकीची गोळी गेली तर तुम्हीच उभ्या राहणार. माझं मत कडक आहे, राग मानू नका.

पत्राचा नमुना माझ्याकडे आहे, कन्नडमध्ये. हवा असेल तर सांगा, ओळीओळीचा अर्थ मराठीत लिहून देतो.