शिक्षा झाली, अपिलाची मुदत टळली, आता काय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पिकअप चालवतो. 2022 च्या पावसात त्याच्या गाडीची धडक बसून सायकलवरचे एक आजोबा गेले. आता मॅजिस्ट्रेट कोर्टाने शिक्षा दिलीय. जुन्या दंड संहितेच्या (आयपीसी) कलम 304अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, 1 वर्ष साधी कैद आणि 10,000 दंड, दंड नाही भरला तर आणखी 8 महिने, शिवाय 279 खाली, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल, 3 महिने आणि 1,000 दंड, तो नाही भरला तर 15 दिवस. दंड अजून भरलेला नाही. अपिलासाठी शिक्षा 30 दिवस थांबवली होती, पण मधे चवथ आली, वकील फोन उचलेनात, आणि आज 47 दिवस झाले. शेजारी म्हणतात अपील केलं तर शिक्षा वाढते, गप्प आत जाऊन ये म्हणावं. दुसरे म्हणतात त्याच जजकडे अर्ज टाका. काय करू?
एक बहीण, उत्तर गोवा

उत्तर : ताई, निकालाच्या कॉपीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. कुठलाही निकाल हातात आला की मी शेवटचं पान आधी वाचतो, कारण गुन्हा शाबीत झाला की नाही हा एक प्रश्न आणि दिलेली शिक्षा कायद्यात बसते की नाही हा वेगळाच, आणि घरची माणसं पहिल्या धक्क्यात दुसरा प्रश्न विसरूनच जातात.

त्या पानावर ते 8 महिने आहेत बघा. 304अ ला जास्तीत जास्त कैद 2 वर्षं, आणि कैद अन् दंड दोन्ही दिले असतील तर दंड न भरल्याची कैद त्या कमाल मुदतीच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त देता येत नाही, म्हणजे 6 महिने झाले, 8 कुठून आले? 279 ला कमाल 6 महिने, त्याचा पाव म्हणजे दीड महिना, तिथे 15 दिवस दिलेत ते बरोबर आहे. म्हणजे 8 महिने ही कडक शिक्षा वगैरे नाही, सरळ बेकायदा आहे. अर्थात दंड भरून टाकला तर ती कैद भोगायची वेळच येत नाही, पण अपिलात हा मुद्दा तरी घालाच.

मला जास्त खुपतंय ते जे पानावर नाहीच ते. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या असं एक वाक्य असतं, ते मी तीनदा शोधलं, नाही. कायदा असा आहे की कोर्टाने तसं म्हटलं नाही तर शिक्षा एकामागून एक चालतात, म्हणजे 12 महिन्यांच्या जागी 15 महिने. एका ओळीपायी 3 महिने! एकाच अपघातातले दोन गुन्हे आहेत त्यामुळे ही ओळ मागायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे.

आता त्याच जजकडे जायचं म्हणाल तर उपयोग नाही. सही झालेल्या निकालात कोर्टाला फक्त लिखाणाची किंवा बेरजेची चूक सुधारता येते, शिक्षेला हात लावता येत नाही (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याच्या जुन्या कायद्यात, सीआरपीसीत, कलम 362, आता त्याजागी आलेल्या बीएनएसएसमधे 403). जायचं ते सेशन्स कोर्टात, अपील कलम 415, जुनं 374.

मुदत 30 दिवसांची होती, हायकोर्टात असतं तर 60. पण 17 दिवस उशीर म्हणजे दार बंद झालं असं नाही, लिमिटेशन ॲक्टच्या कलम 5 खाली उशीर माफीचा अर्ज अपिलासोबत द्यायचा, आणि निकालाच्या नकलेसाठी अर्ज करून ती मिळेपर्यंत गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, ते आधी मोजा. अर्जात खरं तेच लिहा. नुसतं चवथ होती म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, वकिलाला कधी कधी फोन केले त्याचे स्क्रीनशॉट लावा.

शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र साफ चूक. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात सेशन्स कोर्टाला शिक्षा वाढवता येत नाही, त्यासाठी सरकारने वेगळं अपील करावं लागतं. या अफवेमुळे किती माणसं गप्प आत गेलीत देव जाणे.

अपघात 2022 चा म्हणून जुनं 304अ च लागणार. 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात (भारतीय न्याय संहिता) याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे, पण घटनेचं कलम 20 सांगतं की गुन्हा झाला तेव्हा जी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही, त्यामुळे कोणी 5 वर्षांची भीती घातली तर घाबरू नका. प्रोबेशनवर, म्हणजे जेलमधे न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्यावर, मात्र फार आशा ठेवू नका, निष्काळजी ड्रायव्हिंगमधे कोणाचा जीव गेला तर ती सवलत देऊ नये असं सुप्रीम कोर्टाने 2000 साली दलबीर सिंगच्या केसमधे म्हटलंय. आणि खरं सांगायचं तर त्या आजोबांच्या घरचाही विचार करावा लागतो.

एक गोष्ट उद्याच करा. शिक्षा थांबवल्याची मुदत संपलीय, म्हणजे वॉरंट कधीही निघू शकतं, तेव्हा अपील, उशीर माफी आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज (बीएनएसएस कलम 430) तिन्ही एकदमच दाखल करा आणि भावाला सोबत न्या. तो आत गेलाच तर कोलवाळ जेलच्या सुपरिंटेंडेंटमार्फतही अपील करता येतं, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. दंड भरल्याने अपिलाचा हक्क जात नाही, तेव्हा ते 11,000 भरा आणि पावतीची झेरॉक्स अपिलाला लावा.