अधोगती नव्हे, ठाय

गोव्यातल्या आसगावच्या एका कॅफेत शनिवारी संध्याकाळी संगीत ठेवतात. त्यासाठी इंग्रजीबरोबर मराठी पत्रकही काढायचं ठरलं आणि ते काम तिथे नोकरी करणाऱ्या एका डिचोलीच्या मुलाकडे आलं. वाजवणारे दोघे आहेत. संगीत इलेक्ट्रॉनिक, प्रकार डाउनटेम्पो, आणि त्यात जाझ, सोल, रॉक असं सगळं मिसळलेलं. त्यानं यंत्राकडून मराठी करून घेतलं ते असं: 'जाझ, आत्मा आणि खडक यांच्या प्रभावांचे मिश्रण करणारी अधोगती इलेक्ट्रॉनिक जोडी.' हे छापू नये एवढं त्याला कळलं, पण मग काय छापावं, असं तो विचारतो. 'मंदगती' चालेल का, 'विलंबित' चालेल का, की 'डाउनटेम्पो'च ठेवू? आणि ठेवलं तर त्याचं लिंग कोणतं?

यंत्राला हसण्यात अर्थ नाही. डाउन म्हणजे अधो, टेम्पो म्हणजे गती. फोड बरोबरच आहे. फक्त 'अधोगती' हा शब्द मराठीत आधीच घसरणीच्या कामाला लागलेला आहे. 'मंद'ची तीच कथा. वारा मंद असला तर बरा, माणूस मंद म्हटला की भांडण. 'संथ' त्यापेक्षा पुष्कळ बरा, नदीलाही लागतो आणि सुरालाही. पण पत्रकावर 'संथ जोडी' वाचून लोकांना वाटेल, हे दोघे कामाला सावकाश आहेत.

'विलंबित' पहिल्या नजरेला अगदी चपखल वाटतो. कला अकादमीत केसरबाई केरकर संगीत समारोहाला जाणाऱ्याला विलंबित, मध्य, द्रुत म्हणजे संथ, मधली आणि जलद लय हे शिकवावं लागत नाही. माझे दोन आक्षेप आहेत. एक हलका: रोजच्या मराठीत विलंब म्हणजे उशीर, आणि 'विलंबित जोडी' म्हणजे अजून न पोचलेली जोडी. दुसरा खरा आहे. डाउनटेम्पोचे ठोके मिनिटाला साधारण सत्तर ते एकशेदहा पडतात. ख्यालाच्या विलंबितात एकेक मात्रा कित्येक सेकंद लांबते. त्या मापानं नव्वद ठोके म्हणजे सरळ मध्य लय. ज्याला पाश्चात्त्य कान 'खाली उतरलेलं' म्हणतो, ते आपल्या गवयाच्या लेखी चांगलं चालतं-बोलतं आहे.

म्हणजे हा 'डाउन' कशाच्या तुलनेत? नाचाच्या. हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक प्रकाराचे ठोके मिनिटाला एकशेवीस-पंचवीस, आणि आमच्या हणजूण-वागातरच्या किनाऱ्यांनी जगाला जो प्रकार दिला त्या गोवा ट्रान्सचे एकशेचाळीसच्या आसपास. त्या धावपळीतून बाहेर येऊन बसणाऱ्यासाठी जे वाजतं ते डाउनटेम्पो. शब्दातच तुलना आहे. तेव्हा आपल्यालाही तुलनेचाच शब्द हवा.

तो आपल्याकडे आहे, आणि विशेष म्हणजे अस्सल मराठी वळणाचा आहे: ठाय. तबला शिकणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यात भेटतो. ठाय, दून, चौगुन. आधी बोल ठायीत म्हणायचा, मग दुप्पट, मग चौपट. ठाय म्हणजे नुसतं सावकाश नव्हे. ज्याच्या हिशेबानं बाकीचे वेग मोजायचे तो मुळातला, बसलेला वेग. शब्दाचं मूळही बसण्याचंच आहे, संस्कृत 'स्था'कडे जाणारं. 'ठायी ठायी', 'एका ठायी' यातला ठाय तोच. उठून नाचण्याऐवजी एका ठायी बसून ऐकायच्या संगीताला यापेक्षा जवळचा शब्द मला तरी सुचत नाही.

माझे एक मामा फोंड्याजवळच्या देवळात पखवाज वाजवत. चवथीला घरी आरत्या सुरू झाल्या की घुमट हे मातीच्या घटाचं तालवाद्य वाजवणाऱ्या पोरांना ओरडत, 'ठायीत धरा रे, ठायीत!' दोन आरत्या पोरं ऐकत. तिसरीपासून नेवऱ्यांचा वास आणि घुमट दोघेही मोकाट सुटत. लयीचा धाक असलेला तो काळ. गोव्याचे लयीचे पंडित खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत, हे माझे मामा अशा थाटात सांगत की जणू स्वतः शेजारी बसले होते.

एक अडचण मीच काढून ठेवतो. सावकाश म्हणजे बसून, हे समीकरण गोव्यात सरसकट चालत नाही. सासष्टीतला मांडो हा गाण्या-नाचाचा प्रकार ठायीतच चालतो, तरी त्यावर पावलं पडतात; मग त्याच्या जोडीचं दुलपद हे गाणं येतं आणि लय चढते. म्हणून 'बैठं संगीत' हा दुसऱ्या एका वाचकानं सुचवलेला शब्द मी घेत नाही. ठाय वेगाबद्दल बोलतो, पायांवर बंदी घालत नाही.

आता 'टेम्पो'. या शब्दाचा गोव्यातला प्रवास मला मूळ प्रश्नापेक्षा जास्त आवडतो. लॅटिन 'तेम्पुस' म्हणजे काळ. त्यातून पोर्तुगीज 'तेंपु' आला आणि कोकणीत 'तेंप' होऊन बसला. 'खूब तेंप जालो, मेळूंक ना,' असं शेजारीण म्हणते तेव्हा ती लॅटिनच बोलत असते. त्याच लॅटिनातून इटालियन 'टेम्पो' संगीतात गेला. जर्मनांनी तो वेग या अर्थी घेतला आणि हाम्बुर्गच्या एका कारखान्यानं आपल्या तीनचाकी गाड्यांना ते नाव दिलं. पुढे 1958 साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोमुळे ती गाडी आपल्या रस्त्यांवर आली आणि टेम्पो हे मालाच्या छोट्या गाडीचं सामान्यनामच झालं, मग ती बनवली कुणी का असेना. म्हणजे एकच शब्द गोव्यात तीन वाटांनी आला: तेंप काळ दाखवतो, संगीतातला टेम्पो लय दाखवतो आणि तिसरा टेम्पो नारळ वाहतो.

'जोडी'ला मात्र हात लावू नका. 'जुगलबंदी' हा वाजवण्याचा प्रकार आहे, माणसांचा नव्हे. शिवाय त्यात सवाल-जवाब येतो. 'युगुल' म्हटलं की लग्नपत्रिका, 'दुक्कल' म्हटलं की पोलिसांची बातमी. 'द्वंद्वगीत' दोघांनी गायचं असतं, आणि इथे गोची अशी की या प्रकारातले दोघे पुष्कळदा गातच नाहीत. लंडनच्या झीरो सेव्हनचे हेन्री बिन्स आणि सॅम हार्डेकर मुळात स्टुडिओतले ध्वनिमुद्रणाचे लोक. गाण्यासाठी सिआसारखे पाहुणे गळे बोलावले. व्हिएन्नाचे क्रूडर आणि डॉर्फमायस्टर, वॉशिंग्टनचे थीव्हरी कॉर्पोरेशन, तेही बांधणारे दोघेच. आपल्याला हा नमुना नवा नाही. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना आपण संगीतकार जोडी म्हणतो, गळा लताबाईंचा किंवा रफींचा. आणि प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, तेव्हा 'जोडी' या शब्दावर गोव्याचा थोडा हक्कही पोचतो.

'आत्मा' आणि 'खडक' काढून टाका. जाझ, सोल, रॉक ही विशेषनामं आहेत; ठुमरीचं आपण इंग्रजीत भाषांतर करत नाही. 'प्रभावांचे मिश्रण' हे मात्र यंत्राचं नव्हे, आपल्याच वर्तमानपत्रांचं पाप. गाण्याच्या मराठीत यासाठी 'अंग' हा सुरेख शब्द आहे: ठुमरी अंग, गायकी अंग. वाद्य तेच, चाल दुसऱ्या घराची. थोडकंच असेल तर 'झाक' म्हणावं.

तर मी असं लिहीन: 'जाझ आणि सोल अंगाचं, मधूनच रॉकची झाक असलेलं, ठाय लयीचं इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी जोडी.' वर ठळक अक्षरात 'डाउनटेम्पो' राहू द्या, कारण येणारे त्याच नावानं शोधत येणार. ठाय ही लय झाली, डाउनटेम्पो हे प्रकाराचं नाव. दोन्ही एकाच पत्रकात सुखानं नांदतील.

लिंगाचं म्हणाल तर मनातल्या 'संगीत'ला धरून नपुंसकलिंग ठेवा: डाउनटेम्पो वाजलं, ऐकलं. टेम्पोच्या ओघानं 'डाउनटेम्पो आला' असं कुणी ओरडलं, तर आसगावच्या त्या अरुंद रस्त्यावर लोक कुंपणाला चिकटून उभे राहतील.