महाबळेश्वरला खरेदी कुठे करावी? सगळं मेन मार्केटमध्येच घ्यावं का?

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन दोन दिवस जाताय, स्ट्रॉबेरी, मध, जॅम आणि चपला घ्यायच्या आहेत आणि हे सगळं मेन मार्केटमध्येच उरकलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: चपला आणि चणे बाजारात घ्या, फळं मात्र शेतावरच घ्या. मी वाईची. पसरणी घाट चढून वर जाणं आमचं वरचेवर होतं आणि पाहुणे आले की त्यांच्या खरेदीची जबाबदारी माझ्याकडेच असते.

आधी फळांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. पाचगणी ते महाबळेश्वर हे अंतर साधारण १९ किलोमीटर. या पट्ट्यात आणि आत भिलारच्या बाजूला रस्त्याला लागून स्ट्रॉबेरीची शेतं आहेत आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी बांधावरच छोटा स्टॉल टाकलेला असतो. फेब्रुवारी म्हणजे भर हंगाम. सकाळी गेलात तर ताजा तोडा मिळतो. बाजारातला माल वाईटच असतो असं नाही, पण तो कधी तोडलाय हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

डबा घेताना वरून बघून पैसे देऊ नका. वरच्या थरात टपोरी फळं आणि खाली बारीक, दबलेली, हा प्रकार सर्रास चालतो. डबा उचला आणि तळ बघा. तळाला लाल पाणी सुटलं असेल तर तो संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नाही. फळाची हिरवी टोपी टवटवीत हवी, सुकून मागे वळलेली नको. आणि देठाजवळ पांढरं राहिलेलं फळ ‘घरी जाईपर्यंत पिकेल’ म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही. विंटर डॉन, स्वीट चार्ली अशी जातींची नावं कानावर पडतील. नावापेक्षा एक फळ खाऊन बघा, शेतकरी आनंदाने देतात.

ही खरेदी परतीच्या दिवशीच करा. पहिल्या दिवशी घेऊन हॉटेलच्या खोलीत ठेवलेली फळं दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. गाडीत डिकीत टाकू नका, पायाशी सावलीत ठेवा आणि घरी गेल्यावर खायच्या वेळीच धुवा. तुती किंवा रासबेरी दिसली तर तिथेच खाण्यापुरती घ्या, ती घाट उतरेपर्यंतही धड राहत नाही.

आई-बाबांना वाचनाची आवड असेल तर भिलारला थोडा निवांत वेळ ठेवा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, कोणीही बसून वाचावं. ते तिथे रमतील, तोवर तुमची फळांची खरेदी होईल.

मधाच्या बाबतीत रस्त्यावर बादलीत पोळं घेऊन उभ्या असलेल्यांकडून घेऊ नका, एवढं मी आग्रहाने सांगेन. काडी पेटवून दाखवणं, कागदावर थेंब टाकून दाखवणं या परीक्षांवरून मध शुद्ध आहे की नाही हे ठरत नाही. इथे मधपाळांची जुनी सहकारी संस्था आहे, तिचा मध ‘मधुसागर’ या नावाने मिळतो, तो घ्या. जांभळाचा मध असेल तर जरूर घ्या. रंगाने गडद, चवीला किंचित कडवट-तुरट, आणि एकदा जिभेला लागला की दुसरा आवडत नाही. कारवी हे डोंगरातलं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं, त्यामुळे तिचा मध मिळाला तर नशीब समजा. थंडीत मध साखरेसारखा गोठला म्हणून घाबरू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

जॅम, क्रशसाठी गुरेघरला मॅप्रो या जॅम-सरबताच्या कंपनीचं दुकान आहे, ते तुमच्या वाटेवरच लागेल. चव बघून घेता येतं. पण तेच क्रश तुमच्या शहरातल्या दुकानातही असतात, तेव्हा तिकडे न मिळणारी चव असेल तरच ओझं वाहा. बाजारातल्या बिननावाच्या स्वस्त बाटल्यांवर ‘सिंथेटिक सिरप’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यात साखर, रंग आणि वास, फळ नाही.

आता बाजार. डॉ. साबणे रस्ता हाच मुख्य बाजार, गाडी लांब लावून पायीच फिरा. संध्याकाळी खरी मजा येते. इथल्या चामड्याच्या चपला मला मनापासून आवडतात. तळव्याची कड निरखून बघा: चामड्याचे थर आणि वादीची शिवण दिसली पाहिजे. नुसती चिकटवलेली असेल तर एका पावसाळ्यात उकलेल. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, त्याच वेळी माप घ्या आणि जराशी घट्टच घ्या, चामडं सैलावतं. इथे भाव करायला हरकत नाही. बांधावरच्या शेतकऱ्याशी मात्र दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, ही माझी विनंती. गरम चणे, मसाल्याचे चणे बाजारातच घ्यावेत. बाबांना चालायला काठी हवी असेल तर तीही इथेच, फक्त टोकाला रबर आहे ना ते बघा.

वेण्णा तलावापाशी लाल गाजरं, मुळे दिसतील, तेही घ्या. इंग्रजांच्या काळात १८६४ पर्यंत इथे चिनी आणि मलाय कैद्यांचा तुरुंग होता. बटाटे आणि विलायती भाज्यांची लागवड, वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणणं हे इथल्या लोकांनी त्यांच्याकडून उचललं असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे.

परतताना मेढ्यावरून साताऱ्याला उतरणार असाल तर कंदी पेढे वर घेऊ नका, साताऱ्यात घ्या.