वाचकांचे प्रश्न : ‘गाव छान आहे हो, पण आमच्यासाठी?’

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे, मूळची नाशिकची. नवरा आफ्रिकन-अमेरिकन, शिकागोत वाढलेला. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोनचा. माझ्या जे-वन (शिक्षण-प्रशिक्षणासाठीच्या) व्हिसाची मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून तीन वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करायचं आहे. दोन गावांतून बोलावणं आलंय. एक दक्षिण इलिनॉयमधलं, साडेआठ हजार वस्तीचं. दुसरं मिसूरीतलं, अकरा हजारांचं. पहिल्यात १४ टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत, दुसऱ्यात ५, म्हणून माझा कल पहिल्याकडे आहे. नवरा म्हणतो, आकड्यांच्या नादी लागू नकोस. फोनवर दोन्हीकडची माणसं फार गोड बोलली. निवड कशी करावी? – एक वाचक, शिकागो

उत्तर : नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. आकडे बघायलाच हवेत, पण ते १४ टक्के लोक नेमके राहतात कुठे हे आधी शोधा. अमेरिकेची जनगणना कैद्याला घरच्या पत्त्यावर मोजत नाही, तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. दक्षिण इलिनॉयमध्ये राज्याचे तुरुंग ठिकठिकाणी आहेत. तुरुंगाची जमीन गावाच्या हद्दीत घेतलेली असली की आतले सगळे कैदी कागदोपत्री गावकरी होतात. साडेआठ हजारांत हजारभर कैदी धरले गेले तर टक्केवारी पार फिरते.

हे तपासायला पंधरा मिनिटं पुरतात. जनगणना खात्याच्या ‘डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाका आणि २०२० च्या गणनेतला पी-५ तक्ता उघडा. तुरुंग, वृद्धाश्रम, वसतिगृह अशा ठिकाणी राहणाऱ्यांची संख्या तिथे वेगवेगळी दिलेली असते. मग राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या संकेतस्थळावर गावातली प्राथमिक शाळा शोधा. तिथे वंशवार पटसंख्या मिळते. तुरुंगाला शाळा नसते, त्यामुळे शाळेचा पट खोटं बोलत नाही. गावात १४ टक्के आणि शाळेत २ टक्के असं दिसलं, तर तुमचं पहिलं गाव प्रत्यक्षात दुसऱ्याहून एकरंगी आहे. कॉलेजच्या गावात हीच गफलत वसतिगृहांमुळे होते. ती मुलं मे महिन्यात निघून जातात, आणि उन्हाळ्यात गाव वेगळंच दिसतं.

लहान गावांसाठी दरवर्षी निघणारे आकडे पाच वर्षांची सरासरी असतात, आणि शेजारच्या रकान्यात आकडा किती इकडेतिकडे चुकू शकतो याची मर्यादा दिलेली असते. ती वाचायला विसरू नका. ‘१२०, अधिक-उणे ९५’ याचा अर्थ खरा आकडा २५ ते २१५ यांत कुठेही असू शकतो. अशा आकड्यावर घर घेऊ नये.

शाळेत टक्क्यांऐवजी डोकी मोजा. मुलीच्या इयत्तेत कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय मिळून पाच-सहा मुलं असली, तर वर्गात कशावरूनही ती ‘ती एकटी’ ठरत नाही. एखादं दुसरंच असलं, तर अभ्यासाच्या बाईंनी गुलामगिरीचा धडा काढला की सगळ्या माना तिच्याकडे वळतात. त्यानंतर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाची माहिती बघा. कोणत्या वंशाच्या किती मुलांना शाळेतून तात्पुरतं काढलं, चिडवण्याच्या तक्रारी किती आल्या, हे तिथे शाळावार मिळतं. पटावर ६ टक्के असलेली मुलं काढलेल्यांत २० टक्के असली, तर शाळा कितीही देखणी असो, प्रश्न विचारायला हवेत.

हे प्रश्न मुख्याध्यापकांनाच विचारा, आणि असे विचारा : ‘वर्णावरून चिडवल्याची शेवटची तक्रार कधी आली? तेव्हा काय केलंत?’ चांगल्या उत्तरात एखादा प्रसंग येतो, पालकांना केव्हा कळवलं ते येतं, नंतर काय बदललं ते येतं. ‘आमच्याकडे असं काही होतच नाही’ हे आमच्या मते सगळ्यांत वाईट उत्तर. गोड बोलणं हा छोट्या गावाचा रिवाजच आहे, त्याला फार किंमत देऊ नका. काही बिनसल्यावर गाव कसं वागतं, तेवढं शोधून काढा.

एफबीआयच्या द्वेषमूलक गुन्ह्यांच्या नोंदींतही हीच मेख आहे. ही माहिती देणं पोलीस खात्यांवर बंधनकारक नाही, त्यामुळे शून्य गुन्हे म्हणजे कधी शांतता असते, तर कधी नोंदच केलेली नसते. त्यापेक्षा गाडी अडवण्याचे आकडे जास्त उपयोगी, आणि तुमची दोन्ही राज्यं ते ठेवतात, मिसूरी २००० पासून आणि इलिनॉय २००४ पासून. प्रत्येक पोलीस खात्याने कोणत्या वंशाच्या चालकांना किती वेळा अडवलं आणि किती जणांची झडती घेतली, हे त्यांत असतं. गावचे पोलीस आणि काउंटीचा (जिल्ह्याचा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, यांचे आकडे वेगळे वाचा, कारण हद्द ओलांडली की खातं बदलतं. हायवेलगतच्या गावात वाटसरूंच्या गाड्याही मोजल्या जातात, म्हणून अडवण्यापेक्षा झडतीच्या प्रमाणाकडे जास्त लक्ष द्या. नवऱ्याची रोजची ये-जा कोणकोणत्या हद्दींतून होईल, ते नकाशावर आखून पाहा.

आता इतिहास. इलिनॉय आणि मिसूरीत ‘सनडाउन टाउन’ पुष्कळ होती. सूर्य मावळल्यावर काळा माणूस हद्दीत दिसता कामा नये, असा दंडक असलेली ही गावं. दक्षिण इलिनॉयमधल्या ॲना गावातून १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांना हुसकावून लावलं होतं. अशा गावांची राज्यवार यादी मिसिसिपीतलं टूगालू कॉलेज आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. पुरावा पक्का की ऐकीव, याची प्रतवारीही त्यात आहे. गाव यादीत असलं म्हणून लगेच फुली मारू नका. गाव त्याबद्दल आज बोलतं का, ते बघा. इंडियानातल्या गोशेनच्या नगरपरिषदेने २०१५ मध्ये ठराव करून हा भूतकाळ कबूल केला. जिथे ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहासाच्या कपाटासमोर हा विषय निघाला की आवाज खाली येतो, तिथे जपून.

घरं दाखवणाऱ्या एजंटला ‘वस्ती कशी आहे हो?’ विचारू नका. १९६८ च्या समान गृहनिर्माण कायद्यामुळे वंशावरून अमुक भागाकडे वळवणं किंवा तमुक भाग टाळायला सांगणं त्यांना मना आहे. कायदा पाळणारा एजंट गप्प राहील. न विचारता ‘तुम्हाला इकडे बरं वाटेल’ म्हणणारा मात्र बदलावा. जुन्या खरेदीखतात ‘गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये’ अशी ओळ निघाली तर दचकू नका. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती अंमलात आणता येत नाही.

सही करण्याआधी सगळ्यांनी मिळून जाऊन या. डॉक्टरला बोलावणारी ग्रामीण रुग्णालयं बहुधा जोडीदाराचाही प्रवासखर्च देतात, मागून घ्या. शाळा सुरू असताना जा, गुरुवार ते रविवार. तुम्ही रुग्णालयात असाल तेव्हा नवऱ्याने एकट्याने हार्डवेअरच्या दुकानात आणि नाश्त्याच्या हॉटेलात तासभर घालवावा. तुम्ही सोबत असताना त्याला मिळणारी वागणूक डॉक्टरबाईंच्या नवऱ्याला मिळालेली असते. शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलचा फुटबॉल सामना असला तर अख्खं गाव एका जागी दिसतं. कोण कोणाशेजारी बसलंय ते नीट बघा. अंगणांतले झेंडे आणि फलक वाचा. शाळा मंडळाच्या मागच्या वर्षाच्या बैठकांचं इतिवृत्त तर घरी बसून वाचता येतं.

केसांचा विषय आपल्याकडे हसण्यावारी जातो, पण आठवड्याच्या वेळापत्रकात तो ठाण मांडून बसतो. कुरळे, दाट केस हाताळता येणारं सलून आणि नवऱ्यासाठी न्हावी किती मैलांवर आहे? तासाच्या आत असेल तर निभतं. दोन तास असेल, तर महिन्यातला एक शनिवार त्यातच गेला असं समजा, आणि वेण्या घालायला तुम्ही स्वतः शिकून घ्या. नेहमीच्या दुकानात अशा केसांची तेलं-क्रीम किती फळ्यांवर आहेत, यावरूनही गिऱ्हाईक कोण आहे ते कळतं. इलिनॉयमध्ये वंशाशी जोडलेल्या केशरचनेवर शाळेला बंदी घालता येत नाही, हा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मिसूरीत शाळेच्या नियमपुस्तिकेतलं पोशाखाचं पान वाचून घ्या.

तुमच्या बाबतीत चूक महागात पडते. ही सवलत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० डॉक्टरांपुरतीच असते. काम आठवड्याला किमान ४० तास, तीन वर्षं, आणि मालक बदलायला विशेष कारण दाखवावं लागतं. मंजुरीनंतर ९० दिवसांत रुजू व्हावं लागतं, म्हणजे घर घाईत शोधावं लागणार. म्हणून पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, आणि करार जूनअखेर संपेल असा करा, म्हणजे घर बदललं तरी मुलीची शाळा वर्षाच्या मध्ये तुटणार नाही. नोकरी मोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, ती सहीआधी वकिलाकडून समजून घ्या.

तिसरा पर्याय निघाला तर लष्करी तळाशेजारची आणि जुन्या कॉलेजांची गावं आधी बघा. सैन्यातली वंशानुसार विभागणी बंद करण्याचा हुकूम १९४८ मध्ये निघाला, त्यामुळे कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीजवळच्या जंक्शन सिटीसारख्या गावात मिश्र कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ओहायोतल्या ओबरलिनचं कॉलेज १८३५ पासून कृष्णवर्णीयांना प्रवेश देत आलंय. तिथे तुमच्याकडे वळून बघायला कुणाला वेळ नसतो, आणि रोजच्या जगण्यात तेच हवं असतं.

आणि एक कटू गोष्ट. जवळच्या महाराष्ट्र मंडळाचं अंतर मोजताना तिथे नवऱ्याचं स्वागत कसं होतं, हेही मोजा. गोऱ्या जावयाला मोदकाचा आग्रह करकरून करणारी माणसं काळ्या जावयाशी हवापाण्याच्या पुढे जात नाहीत, हे आपल्याकडे घडतं. दीड तास गाडी हाकून मुलांना तेच दाखवायचं असेल, तर गणपती घरीच बसवावा.

आमचा कौल : तुरुंग वगळल्यावर पहिलं गाव ३-४ टक्क्यांवर आलं आणि मुख्याध्यापक ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणाले, तर मिसूरी. तुरुंग नसेलच, तर पहिलं.

प्रश्न : मुलगी आणि गोरा अमेरिकन जावई अलाबामातल्या एका छोट्या गावात घर घेताहेत. आम्ही दोघं, वय ६८ आणि ६४, पुण्याहून सहा महिने राहायला जाणार. यांना इंग्रजी बेताचंच येतं, पण सकाळच्या फेरीशिवाय चैन पडत नाही. काही अडचण येईल का? – एक आजी, कोथरूड

उत्तर : फेरी बंद करू नका, तयारीने करा. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्याच मॅडिसन शहरात, मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. शेजाऱ्याने ‘संशयास्पद माणूस’ म्हणून पोलिसांना फोन केला. इंग्रजी येत नसल्याने त्यांना बोलणं समजलं नाही, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या शरीराचा काही भाग लुळा पडला.

पहिल्याच आठवड्यात मुलीने आणि जावयाने दोघांनी तुम्हाला घेऊन आजूबाजूच्या दहा-बारा घरी जाऊन यावं. नुसत्या जावयाच्या ओळखीवर भागत नाही, शेजाऱ्यांनी तुमचा चेहरा पाहिलेला हवा. यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात एक कार्ड ठेवा : नाव, घरचा पत्ता, मुलीचा फोन, आणि ‘मला इंग्रजी कमी येतं, मुलीला फोन करा’ हे इंग्रजीत. पोलीस थांबवतील तेव्हा जागीच उभं राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे, आणि कार्ड काढायला खिशात हात घालायचा नाही, नुसतं बोट दाखवायचं. ‘कार्ड, पॉकेट, डॉटर’ एवढे तीन शब्द घरी पाठ करून घ्या. आपल्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना मान खाली घालून हात मागे बांधतात, ती सवय इथे घातक ठरू शकते.

घर घेताना मुलीला एवढं सांगा, की दारापासून ग्रंथालय किंवा बागेपर्यंत पदपथ हवा. बऱ्याच छोट्या गावांत तो नसतोच. मग पायी चालणारा माणूसच नवलाचा ठरतो, आणि तो परका दिसला की लगेच नजरेत येतो.

प्रश्न : मी मडगावचा, आडनाव पोर्तुगीज वळणाचं. बायको मेक्सिकन वंशाची. मुलाच्या शाळेच्या अर्जात वंशाचे रकाने आहेत. मीही हिस्पॅनिक ठरतो का? रकाना कोराच ठेवला तर? – एक गोमंतकीय, टेक्सस

उत्तर : तुम्ही नाही. ती व्याख्या स्पॅनिश संस्कृतीशी किंवा मूळाशी जोडलेली आहे, गोवा पोर्तुगिजांकडे होता. मुलगा मात्र आईकडून ठरतो. अर्जातल्या ‘हिस्पॅनिक आहे का?’ या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा आणि वंशाच्या दुसऱ्या प्रश्नात लागू असतील तेवढे सगळे वंश निवडा, तुमच्याकडून ‘एशियन’ धरून. एकाहून अधिक खुणा चालतात.

कोरा ठेवू नका. पालकांनी भरलं नाही तर शाळेचा कर्मचारी मुलाकडे बघून अंदाजाने रकाना भरतो, तसा केंद्रीय नियमच आहे. या दोन प्रश्नांच्या अर्जावरून शाळा वर आकडे पाठवते तेव्हा ‘हो’ म्हणणारं मूल फक्त हिस्पॅनिकमध्ये मोजलं जातं, बाकी खुणा अहवालात दिसत नाहीत. हिस्पॅनिक नसलेलं, पण दोन वंशांवर खूण केलेलं मूल ‘दोन किंवा अधिक वंश’ या रकान्यात जातं. म्हणून शाळेच्या पटावर ‘एशियन : ०’ दिसलं तरी शिकागोच्या डॉक्टरबाईंच्या मुलीसारखी मुलं त्या शाळेत असू शकतात. दोन्ही रकाने वाचा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करण्याचा नियम काढला आहे आणि खात्यांना बदलासाठी तेव्हा पाच वर्षांची मुदत दिली होती, तेव्हा पुढच्या एखाद्या वर्षी अर्ज वेगळा दिसला तर पुन्हा नीट वाचून भरा.