डॉक्टरांना विचारा : रोग कुठून येतो आणि कुठल्या वाटेनं जातो

या खेपेला पत्रं न् मेल मिळून बहुतेकांचा विषय एकच होता, साथीचे रोग. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत आणि काही लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, रागावू नका. एका वाचकांनी मला चुकीत पकडलंय, ते शेवटी.

प्रश्न : दर काही वर्षांनी एखादा नवीनच व्हायरस निघतो. आधी नव्हता न् आता आला म्हणजे येतो कुठून? कोणी मुद्दाम बनवतं का? (कॉलेज विद्यार्थिनी)

"बनवतं का" हे निम्म्या पत्रांत आहे, म्हणून आधी तेच. लॅबमधून व्हायरस निसटल्याची उदाहरणं आहेत, 1978 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला देवीचा व्हायरस लॅबमधून निसटला आणि एक बाई दगावली. पण निसटणं वेगळं आणि बनवणं वेगळं. बहुतेक "नवीन" व्हायरस आपल्याला नवीन असतात, एखाद्या प्राण्याच्या अंगात ते हजारो वर्षं सुखानं नांदत असतात. माणसाच्या संसर्गजन्य रोगांपैकी साधारण 60 टक्के मूळ प्राण्यांकडचे, आणि नव्यानं डोकं वर काढणाऱ्या रोगांत हाच आकडा 75 टक्क्यांच्या आसपास जातो.

निपाहची गोष्ट सांगतो, मला ती फार शिकवणारी वाटते. 1998 च्या शेवटी मलेशियात डुकरं पाळणाऱ्या भागात लोकांना ताप यायचा, मेंदूला सूज यायची, माणसं बेशुद्ध होऊन जायची. तिथं जपानी मेंदूज्वर आधीपासून माहितीचा, तो डासांमुळे होतो आणि डुकरांशीही त्याचा संबंध असतो, त्यामुळे सगळ्यांना वाटलं तोच आहे. मग काय, धूरफवारणी झाली, मेंदूज्वराची लस टोचून झाली, आणि माणसं तरीही आजारी पडतच राहिली. खरं तर खूण डोळ्यासमोर होती. जपानी मेंदूज्वर जास्त करून लहान मुलांना गाठतो आणि इथं आजारी पडत होते ते मोठे, धट्टेकट्टे पुरुष, तेसुद्धा डुकरांना प्रत्यक्ष हाताळणारे. डास काय असा माणूस बघून चावतो का? 1999 च्या मार्चमध्ये नवा व्हायरस सापडला तेव्हा उलगडा झाला, फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांमध्ये तो असतो पण त्यांना त्याचा काही त्रास होत नाही, डुकरांच्या गोठ्यांशेजारीच आंब्यासारखी फळझाडं लावलेली, वटवाघळं रात्री येऊन फळं चावून अर्धवट टाकायची, ती खाली पडायची, डुकरं खायची, आणि डुकरांकडून माणसांना. मलेशियात शंभरावर माणसं गेली आणि 10 लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली.

यात व्हायरसनं नवं काही केलंच नव्हतं, माणसानं वटवाघळाचं जेवण आणि डुकराचं जेवण एका ठिकाणी आणून ठेवलं होतं. बांगलादेशात तोच निपाह डुकरांशिवाय येतो, तिथं शिंदीच्या झाडाला रात्रभर मडकं लावून रस धरतात, वटवाघूळ येऊन तो चाटतं, त्यात मुततं, आणि सकाळी तो कच्चा रस माणूस पितो. त्यावर शोधलेला एक उपाय म्हणजे बांबूच्या कामट्यांचं झाकण, रस येतो तिथं ते बांधायचं म्हणजे वटवाघळाला तोंड घालता येत नाही. मला औषधापेक्षा अशा उपायांचं जास्त कौतुक वाटतं.

आणि घाबरून जाऊ नका, प्राण्यातून माणसात आलेला प्रत्येक रोग पुढे पसरतोच असं नाही. रेबीजच बघा, कुत्र्याकडून माणसाला होतो आणि माणसात आला की तिथंच थांबतो, पुढे जायला त्याला वाट नाही. साथ यायची तर दोन जमावं लागतं, माणसात शिरणं आणि एका माणसातून दुसऱ्यात जाणं. पहिलं बऱ्याच जंतूंना जमतं, दुसरं फार थोड्यांना.

प्रश्न : 2003 चा सार्स म्हणे कोविडपेक्षा जास्त जीवघेणा होता, मग तो काही महिन्यांत आटोपला आणि कोविडनं सगळं जग का बंद पाडलं? उलटं नको का व्हायला? (निवृत्त बँक कर्मचारी)

हा प्रश्न मला इतका आवडला की पत्र दोनदा वाचलं. तुमचं बरोबर आहे, सार्समध्ये आठ हजारांच्या आसपास लोकांना लागण झाली आणि 774 गेले, म्हणजे दहातला जवळपास एक. कोविडचं प्रमाण त्याच्या कितीतरी खाली. दोन्ही व्हायरस एकाच खानदानातले. फरक होता तो वेळेचा.

सार्स झालेला माणूस दुसऱ्याला रोग द्यायचा तो मुख्यतः आजार चांगला बळावल्यावर, सुरुवात होऊन आठवडा-दहा दिवस झाले की त्याच्या घशा-नाकात व्हायरस सगळ्यात जास्त असायचा. तोवर तो माणूस कुठे असणार? अंथरुणावर नाहीतर हॉस्पिटलात. म्हणून सार्स नर्स, डॉक्टर, शेजारच्या खाटेवरचे पेशंट यांच्यात जास्त पसरला, आणि ताप आलेल्याला लगेच वेगळं ठेवलं, त्याच्या संपर्कातल्यांवर नजर ठेवली की साखळी तुटायची. जुलै 2003 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साथ आटोक्यात आल्याचं जाहीर केलं, लस नव्हती, खास औषध नव्हतं, दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरलाही कळतील अशाच उपायांवर काम झालं.

कोविडमध्ये माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून व्हायरस सोडायला लागतो, आणि काहींना तर शेवटपर्यंत काही जाणवतच नाही. म्हणजे तुम्ही कपाळाला ती थर्मामीटरची बंदूक लावून तापवाला शोधताय आणि रोग देणारा ठणठणीत माणूस तुमच्या समोरून हसत निघून गेलाय. आजारी माणूस शोधून बाजूला करायचा ही युक्तीच निकामी होते. मग उरतं काय, तर सगळ्यांनीच मास्क, सगळ्यांनीच अंतर, खिडक्या उघड्या. ते सगळं त्रासदायक होतं, मान्य, पण कोणाकडे व्हायरस आहे हे दिसतच नसलं तर दुसरं करणार काय.

म्हणून नवीन रोगाची बातमी आली की सगळे विचारतात "किती माणसं मरतात", मी आधी विचारतो की हा एकातून दुसऱ्यात जातो कसा आणि जातो कधी. इबोलात मृत्यूचं प्रमाण भयंकर, पण लक्षणं येण्याआधी तो माणूस दुसऱ्याला देत नाही आणि रोग पसरतो तो रक्त, उलटी, जुलाब अशा स्रावांच्या प्रत्यक्ष संपर्कातून, मृतदेह धुताना-हाताळतानासुद्धा. त्यामुळे ज्याच्या बातमीनं जग हादरतं तो जगभर पसरेलच असं नाही, आणि ज्याला आपण "साधा सर्दी-ताप" म्हणून सोडून देतो तो मात्र विमानात बसून आलेला असतो.

प्रश्न : घरात मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात, सर्दी-खोकल्यात घेतल्या तर चालतील ना?

नाही. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसनं होते आणि अँटिबायोटिक बॅक्टेरियावर काम करतं, व्हायरसला त्याचं काही सोयरसुतक नाही. तुमच्या पोटातले बॅक्टेरिया मात्र त्या औषधाशी झुंजायला शिकतात आणि ती शिकवणी आपसात वाटतातही, मग खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. शिवाय उरल्या कशा? डॉक्टरांनी जितक्या दिवसांच्या दिल्या तितक्या घेतल्या असत्या तर उरल्या नसत्या.

प्रश्न : माझ्या मुलाच्या सगळ्या लसी झाल्यात. दुसऱ्या कोणी दिल्या नाहीत तर तो त्यांचा प्रश्न, माझ्या मुलाला काय धोका? आणि गोवर तर आमच्या लहानपणी सगळ्यांना व्हायचा. (एक आई)

ताई, तुमचा वैताग समजतो, पण गोवर म्हणजे सगळ्यात झपाट्यानं पसरणाऱ्या रोगांपैकी एक. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल अशा ठिकाणी एक गोवरवाला सरासरी 12 ते 18 जणांना देतो, आणि त्यासाठी समोरासमोर यायचीही गरज नाही, तो खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत हवेत व्हायरस राहू शकतो.

आता हिशोब करू, गणित सोपंय. एक रोगी 15 जणांना देऊ शकतो असं धरा. साथ विझायची तर त्यानं एकापेक्षा कमी जणांना दिला पाहिजे, म्हणजे त्या 15 पैकी 14 पेक्षा जास्त लोक आधीच सुरक्षित हवेत, ते झाले 93 टक्क्यांच्या वर. म्हणून 95 टक्क्यांचा आग्रह असतो. आणि दोन डोस घेतलेल्या शंभरातल्या तिघांना वगैरे लस नीट लागतच नाही, तो तिसरा तुमचाच मुलगा असेल तर तुम्हाला ते आधी कळणारही नाही. वर लसीच्या वयाला न पोचलेली तान्ही बाळं, कॅन्सरचे उपचार चालू असलेली मुलं, यांना लस देताच येत नाही, ती फक्त आजूबाजूच्यांच्या भरवशावर असतात.

"सगळ्यांना व्हायचा" हे खरं. पण ज्यांना झाला आणि जे वाचले तेच आज "आम्हाला झाला, काय झालं" असं सांगायला आहेत ना, जे गेले ते कुठून सांगणार. आणखी एक, गोवर शरीराची जुनी आठवण पुसतो, आधीच्या रोगांविरुद्ध जमवलेल्या अँटिबॉडीजचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो, त्यामुळे गोवर बरा झाल्यावरही पोरं पुढे बराच काळ दुसऱ्या संसर्गांनी आजारी पडत राहतात.

प्रश्न : देवीचा रोग संपवता आला तर बाकीचे का नाही संपवत? पैसे नाहीत की इच्छा नाही? (शिक्षक)

दोन्ही कमी पडतं, पण देवीची केसच वेगळी होती सर. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातावर, लपवता न येण्यासारखे, कार्यकर्ते रोग्याचा फोटो असलेलं कार्ड घेऊन दारोदार जायचे आणि विचारायचे असं कोणी बघितलंय का, लहान पोरसुद्धा बोट दाखवून सांगू शकायचं. फोड न येता गुपचूप रोग वाटत फिरणारे जवळपास नव्हतेच. प्राण्यांत तो राहत नव्हता. आणि लस अशी की लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत टोचली तरी उपयोग व्हायचा, त्यामुळे एक रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचून कडं करायचं, आख्ख्या देशाला टोचत बसायला नको. नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रोगी 1977 मध्ये सोमालियात सापडला आणि 1980 मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं.

पोलिओ याच्या बरोब्बर उलटा. व्हायरस पोटात गेलेल्या दोनशेपैकी साधारण एकाला लुळेपणा येतो, बाकीच्यांपैकी बहुतेकांना पत्ताही नसतो पण शौचावाटे व्हायरस बाहेर पडत असतो. म्हणजे एक लुळं पोर दिसेपर्यंत व्हायरस शेकडो घरं फिरून आलेला असतो. म्हणून तर गटाराचं पाणी तपासावं लागतं आणि पुन्हा पुन्हा प्रत्येक मुलाला डोस द्यावा लागतो. भारतात शेवटचा रोगी जानेवारी 2011 मधला आणि 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं, मला विचाराल तर देवीपेक्षा हे काम अवघड होतं. पीतज्वर मात्र लस चांगली असूनही पुसून टाकता येत नाही, तो जंगलात माकडांत राहतो आणि प्रत्येक माकडाला कोण टोचणार. देवीनंतर पूर्ण संपलेला रोग एकच, गुरांचा बुळकांडी, 2011 मध्ये, त्याचं कौतुक कोणी केलेलं आठवत नाही.

प्रश्न : धूरफवारणी होऊनही डेंग्यू का येतो?

धूर उडणाऱ्या डासाला मारतो, अंड्याला नाही. डेंग्यूच्या डासाची मादी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते, ती सुकून काही महिने तशीच टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, ड्रम, कूलर आतून घासायचा, तोही आठवड्यातून एकदा, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

दुसरी गोष्ट जवळपास कोणी करत नाही, तापातल्या पेशंटला दिवसा मच्छरदाणीत झोपवणं. लोक म्हणतात आता झालाच ना डेंग्यू, आता कशाला मच्छरदाणी! अहो, ती त्याच्यासाठी नाहीच, डासासाठी आहे. डास जन्मतः साधारणपणे बिनव्हायरसचा असतो, त्याला व्हायरस मिळतो तो या तापवाल्याला चावून, आणि हा डास दिवसा चावतो.

आणि माझी चूक

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की साबण नसेल तर सॅनिटायझरनं तेच काम होतं. एका नर्स वाचकांनी कळवलं की उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही. त्यांचं शंभर टक्के बरोबर. फ्लू-कोविडच्या व्हायरसवर चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं आणि व्हायरस मरतो, नोरोव्हायरसला ते आवरणच नाही. साबणपाणीसुद्धा त्याला मारत नाही, पण हातावरून सोडवून वाहून नेतं, तेवढ्यानं काम होतं. घरात कोणाला उलट्या-जुलाब असतील तर सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका, हात वीसेक सेकंद चोळून धुवा, आणि सांडलेली उलटी पुसून झाल्यावर ती जागा ब्लीचच्या पाण्यानं पुसा, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. नर्सताईंचे आभार, असंच पकडत जा.